बागेतला सेन्सर आणि डाऊनी : वाचकांचे प्रश्न

द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आलीये आणि या महिन्यात आलेल्या पत्रांत, मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त एकच विषय आहे, बागेत सेन्सर बसवावा का, बसवलाय तर त्याचं ऐकावं का. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच देतेय. द्राक्षाचे प्रश्न जास्त आहेत म्हणून उत्तरंही तिकडंच झुकलीत, डाळिंब-टोमॅटोवाल्यांनी राग मानू नका, तुमचेही घेतलेत.

प्रश्न : ताई, आमच्या मंडळात महावेधचं हवामान केंद्र आहे, त्याचे आकडे आम्हाला मिळतात. मग बागेत वेगळं यंत्र कशाला? एक कंपनीवाला सारखा मागे लागलाय. (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी)

दादा, महावेधचा आकडा चांगलाच आहे, पाऊस किती झाला, तापमान, आर्द्रता, वारा सगळं मिळतं आणि ते वापरत जा. पण ते केंद्र उघड्या जागेत आहे, तुमच्यापासून चार-सहा किलोमीटरवर, आणि अख्ख्या महसूल मंडळाला मिळून एक. तुमच्या बागेत मांडवाखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. दाट कॅनोपी (वेलीच्या पानाफांद्यांचा पसारा), खाली ड्रीपचं पाणी, शेजारी उसाचं रान किंवा नाला, अशा ठिकाणी सकाळी साडेआठपर्यंत पानं ओली असतात आणि वरच्या मोकळ्या माळावर सात वाजताच कोरडं झालेलं असतं. डाऊनीला, म्हणजे केवडा रोगाच्या बुरशीला, हेच दीड-दोन तास हवे असतात. म्हणजे प्रश्न यंत्र स्वतःचं की सरकारचं हा नाहीच, तुम्हाला पानावरचा ओलावा मोजायचाय आणि तो बागेतच मोजावा लागतो. लीफ वेटनेस (पानाचा ओलावा मोजणारा) सेन्सर नसलेलं नुसतं तापमान-आर्द्रतेचं यंत्र कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, तेवढं तर महावेधवर आहेच. आणि सध्या खर्च झेपत नसेल तर पहाटे सहापासून बागेत फिरा, पानाला खालून हात लावून बघा, किती वाजता कोरडं झालं ते वहीत लिहा, तेही कामाचंच आहे.

प्रश्न : मॅडम, मागच्या सीझनला सेन्सर बसवला. छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी जे अलर्ट सुरू झाले ते थांबेचनात, रोज लाल, डाऊनी हाय रिस्क. दरवेळी फवारलं, खर्च डोक्यावर गेला, तरी डाऊनी आलीच. मग हे यंत्र कशासाठी घेतलं? (निफाड तालुका)

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा म्हणून जरा सविस्तर लिहिते, शेवटपर्यंत वाचा.

सगळ्यात आधी, यंत्राला डाऊनी दिसत नाही. त्याला फक्त पान किती तास ओलं होतं, तेव्हा तापमान किती होतं, आर्द्रता किती होती एवढंच कळतं, आणि त्यावरून ॲप हिशोब मांडतं की बुरशी बागेत असेल तर तिला आत शिरायला आजची रात्र पुरली असती का. त्यातला 'बागेत असेल तर' हा भाग ॲपला माहीत नाही, तो तुम्हाला माहीत आहे, किंवा असायला पाहिजे.

डाऊनीचं चक्र असं चालतं बघा. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग असतो, रात्री अंधारात आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर गेली आणि तशीच निदान चार तास टिकली की त्या डागाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी उगवते, तिथून बीजाणू उडतात, आणि ते दुसऱ्या पानावर पडल्यावर तिथे पाण्याचा थर लागतो. पाणी असेल तर बीजाणूतून पोहणारे जीव बाहेर पडतात आणि पानाच्या खालच्या छिद्रांतून आत जातात, पाणी नसेल तर ते तिथेच मरतात. किती वेळ पाणी लागतं याचा एक जुना ढोबळ हिशोब आहे, ओलाव्याचे तास गुणिले त्या वेळचं सरासरी तापमान, हा गुणाकार ५० च्या आसपास गेला की संसर्ग होऊ शकतो. २० डिग्रीला अडीच तास पुरतात, १० डिग्रीला पाच तास लागतात. आता तुमच्याकडचं ऑक्टोबर-नोव्हेंबरचं दव घ्या, पहाटे तीनपासून आठपर्यंत पान ओलं आणि तापमान १६, पाच गुणिले सोळा ऐंशी झाले, म्हणजे दव पडलेली जवळपास प्रत्येक रात्र या हिशोबात लालच येणार. ॲप खोटं बोलत नाहीये, ते अर्धंच सांगतंय.

उरलेलं अर्धं तुम्ही भरायचं. बागेत आत्ता जिवंत डाग आहेत का, शेजारच्या बागेत आहेत का? शंका असेल तर डाग असलेली चार-पाच पानं संध्याकाळी तोडा, ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी डागाखाली कापसासारखी पांढरी बुरशी आली तर डाग जिवंत आहे आणि लाल अलर्ट खरा आहे, लगेच हालचाल करा. काहीच उगवलं नाही आणि आजूबाजूलाही डाऊनी नाही तर त्या दवाच्या रात्रीला घाबरून टाकी भरायची गरज नाही. ही पिशवीची टेस्ट फुकट आहे आणि माझ्या मते कुठल्याही ॲपइतकीच मोलाची आहे.

मग अवस्था बघा. तीन ते पाच पानांपासून फुलोरा आणि मणी सेटिंगपर्यंतचा (मणी धरेपर्यंतचा) काळ सगळ्यात नाजूक, कारण तेव्हा डाऊनी सरळ घडावर जाते आणि घड गेला की गेला. फुलोऱ्यानंतर तीन-चार आठवड्यांनी मणी स्वतःच डाऊनीला दाद देईनासा होतो, देठ मात्र अजून काही दिवस धोक्यात असतात आणि पानं तर शेवटपर्यंत. म्हणजे तोच लाल अलर्ट फुलोऱ्यात आला तर वेगळा आणि मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी पिकायला लागताना, आला तर वेगळा, आणि बऱ्याच ॲपमध्ये छाटणीची तारीख टाकायची सोय असूनही लोक ती टाकतच नाहीत. तुम्ही टाकली होती का ते आधी तपासा.

आणि तिसरी गोष्ट, तुमचा खर्च आणि डाऊनी दोन्ही एकदम का झालं त्याचं मुख्य कारण मला इथंच वाटतं, औषध कोणतं आणि कधी मारलं. डाग दिसायला संसर्गानंतर पोषक हवेत पाच-सात दिवस लागतात, थंडीत आणखी जास्त. आज दिसणारा डाग मागच्या आठवड्यातल्या दवाचा आहे. स्पर्शजन्य औषध, म्हणजे मॅन्कोझेब किंवा बोर्डो, हे पान ओलं व्हायच्या आधी पानावर पाहिजे, नंतर मारून आत गेलेल्या बुरशीला काही होत नाही. अलर्ट सकाळी येतो, तुम्ही दुपारी स्पर्शजन्य मारता, तर ते पुढच्या रात्रीसाठी उपयोगी, कालच्यासाठी नाही. कालच्या रात्रीसाठी आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणारं औषध लागतं आणि तेही एक-दोन दिवसांच्या आत, आणि तेच ते एकाच गटाचं सलग मारत राहिलात तर बुरशी त्याला सरावते. स्ट्रोबिल्युरीन गटाचं हेच झालं, एके काळी हमखास काम करणारी औषधं अनेक बागांत पाण्यासारखी झाली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सेन्सरचा खरा उपयोग उद्या पाऊस किंवा दाट दव येणार असेल तर आजच स्पर्शजन्य मारून ठेवायला आणि कोरड्या रात्रींना फवारणी वगळायला आहे, लाल दिसलं की टाकी भरायला नाही.

२०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस आठवतो ना, थांबायचं नावच घेत नव्हता, बागेत ट्रॅक्टर जात नव्हता, पोंग्यातच (कोवळी फूट निघतानाच) डाऊनी, पुढे घडकुज. तशा वर्षी कुठलंही यंत्र तुम्हाला वाचवेल असं मी सांगणार नाही, तेव्हा सगळ्या रात्री खरोखरच लाल असतात आणि प्रश्न बागेत शिरता येतं का एवढाच उरतो. पण दरवर्षी २०१९ नसतं. मधल्या साध्या वर्षांत दहा-बारा फवारण्यांपैकी दोन-तीन वगळता आल्या तरी पैसा वाचतो, आणि एक्स्पोर्टवाल्यांना तर पैशापेक्षा रेसिड्यू (मालात उरलेला औषधाचा अंश) महत्त्वाचा. २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात आपले कंटेनर अडकले होते तेव्हा चांगल्या चांगल्या बागायतदारांनी रडत माल परत घेतलाय, कमी औषधाची किंमत आपल्याला वेगळी समजवायला नको.

प्रश्न : आम्ही चौघं भाऊ, चार प्लॉट, एकाच यंत्रात भागेल का? आणि ते नक्की लावायचं कुठे, कंपनीचा माणूस तर गेटजवळ लावून गेला, म्हणे रेंज चांगली आहे. (तासगाव, एका ताईंचा प्रश्न)

ताई, गेटजवळचं आधी काढायला सांगा. रस्त्याची धूळ, मोकळी हवा, सकाळचं पहिलं ऊन, तिथे पान सगळ्यात लवकर सुकतं आणि यंत्र तुम्हाला सांगणार सगळं ठीक आहे. बागेतली सगळ्यात वाईट जागा शोधा, खोलगट भाग, जिथे धुई बसते आणि दव उशिरा उठतं, दरवर्षी डाऊनी जिथून सुरू होते ती ओळ तुमच्या घरात सगळ्यांना माहीतच असेल. कडेपासून आत, ओळीच्या मध्ये, घडांच्या उंचीला, कॅनोपीच्या आत. लीफ वेटनेसची पट्टी आडवी नको, साधारण ४५ अंशात तिरकी आणि तोंड उत्तरेकडे, म्हणजे थेट ऊन लागून ती पानांच्या आधी सुकत नाही आणि पाणीही साचत नाही. रेंज नसेल तर अँटेना वर घ्या, सेन्सर वर घेऊ नका.

चार प्लॉट सलग असतील, जमीन सारखी असेल तर एक यंत्र चालेल, पण छाटणीच्या तारखा वेगळ्या असतील तर ॲपमध्ये चारही प्लॉट वेगळे टाका, कारण हवा एकच असली तरी एकाची बाग फुलोऱ्यात आणि दुसऱ्याची सेटिंग होऊन गेलेली असू शकते. मध्ये ओढा असेल किंवा एखादा प्लॉट उंचावर असेल तर दुसरं यंत्र लागेल.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. फवारणी करताना त्या पट्टीवर बोर्डो आणि गंधकाचा थर बसतो, मग ती कोरडी असूनही ओली दाखवते. फवारणीआधी पट्टीवर पिशवी बांधा, झाल्यावर आठवणीने काढा, आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने मऊ फडक्याने पुसा, साबण नको, घासू नका. फवारणीच्या वेळेची नोंद ॲपमध्ये करा म्हणजे फवाऱ्याचा ओलावा दवात मोजला जाणार नाही. चार भावांत हे काम एकाच्या नावावर टाका, नाहीतर कोणीच करणार नाही.

प्रश्न : लीफ वेटनेस डाऊनीला ठीक, पण आमच्याकडे खरा त्रास भुरीचा. तिला पण तोच सेन्सर? (बार्शी)

नाही दादा. भुरीला, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारख्या दिसणाऱ्या बुरशीला, पानावर पाणी लागत नाही, उलट पानावर पाणी राहिलं तर तिच्या बीजाणूंचं नुकसानच होतं. तिला लागतं मध्यम तापमान आणि सावली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने भुरीचा एक साधा गुणांक बनवलाय, सलग तीन दिवस रोज सलग सहा तास तापमान २१ ते ३० डिग्रीत राहिलं की तो सुरू होतो, अशा प्रत्येक दिवसाला २० गुण वाढतात, सहा तास भरले नाहीत किंवा पारा ३५ च्या वर गेला की १० कमी. ६० च्या वर गेला तर दोन फवारण्यांतलं अंतर कमी करायचं, ३० च्या खाली असेल तर वाढवायचं. यासाठी एक चांगला तापमान सेन्सर पुरतो, हिशोब वहीतही होतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री कितीही गारठा असला तरी दुपारी २६-२८ असतं, सहा तास आरामात भरतात, म्हणून भुरी थंडीतही थांबत नाही. आणि फेलफूट (बगलेतून येणारी जास्तीची फूट) काढा, दाट कॅनोपीत औषध पोहोचत नाही तिथे गुणांक काय करणार.

प्रश्न : डाळिंबावरच्या तेल्याचा अंदाज सेन्सरने येतो का? दोन बहार गेलेत, आता बाग काढायचा विचार चाललाय. (सांगोला)

काका, तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, तेल्याने तुमच्या भागात काय केलंय ते माहिती आहे. सेन्सरने थोडी मदत होते, बाग वाचत नाही. तेल्या हा जिवाणू आहे, ढगाळ दमट हवा, २८-३० डिग्रीच्या आसपास तापमान आणि पावसाचे उडणारे थेंब ही त्याची आवडती परिस्थिती, आणि पाऊस-आर्द्रतेवरून धोक्याचे दिवस आधी कळू शकतात. पण तो बागेत येतो रोगट रोपांतून आणि कात्रीतून. ज्या कात्रीने रोगट फांदी कापली ती सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात न बुडवता पुढच्या झाडाला लावली तर कुठला सेन्सर काय सांगणार. यंत्राच्या पैशातून आधी रोगट फांद्या छाटून, गोळा करून, बाहेर नेऊन जाळा, खाली पडलेली पानं-फळं उचला, काढणीनंतर बागेला तीन-चार महिने पूर्ण विश्रांती द्या. पावसाळ्यातला मृग बहार धरत असाल तर तो सोडा, हस्त बहारात फळं थंड-कोरड्या महिन्यांत वाढतात, तेल्याचा जोर कमी राहतो. बाग काढायच्या आधी सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात एकदा फांद्या-फळांचे नमुने घेऊन जा, प्लीज. एवढ्या वर्षांची बाग एका चर्चेशिवाय काढू नका.

प्रश्न : टोमॅटोवर व्हायरस येणार हे सेन्सर आधी सांगेल का? (नारायणगाव)

नाही सांगणार, आणि कोणी सांगतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. व्हायरस मुख्यतः मावा, पांढरी माशी, फुलकिडे यांच्यामार्फत येतो, हवेच्या आकड्यावरून तो कळत नाही. नर्सरीत कीटकरोधक जाळी, लागवडीपासून पिवळे-निळे चिकट सापळे, आणि सापळ्यावर आठवड्याला किती किडे चिकटले ते मोजणं. करप्यासाठी मात्र लीफ वेटनेसचा चांगला उपयोग होतो, तिथे जरूर वापरा.

प्रश्न : आमच्या आंब्याच्या डोंगरात मोबाईलला एक काडी रेंज नाही. मग हे सगळं विसरायचं का? (राजापूर)

विसरू नका. सिमवाल्या यंत्राऐवजी लोरा पद्धतीचं विचारा, त्यात बागेतला सेन्सर सिमशिवाय कमी ताकदीच्या रेडिओवर आकडे पाठवतो आणि घराच्या छपरावर जिथे इंटरनेट आहे तिथे एक गेटवे, म्हणजे ते आकडे पकडून इंटरनेटवर टाकणारा डबा, ठेवायचा. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा बिनपरवाना आहे. डोंगर मध्ये आला तर सिग्नल अडतो, म्हणून घेण्याआधी त्यांना स्वतः येऊन बागेतून घरापर्यंत टेस्ट करून दाखवायला सांगा, त्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. आणि सबस्क्रिप्शन दुसऱ्या वर्षापासून किती, ते बंद केलं तर आपला जुना डेटा आपल्याला मिळणार का, हे दोन प्रश्न सगळ्यांनीच विचारा, फक्त कोकणातल्यांनी नाही. तुमच्या बागेचे तीन-चार वर्षांचे आकडे हे तुमचं धन आहे, ते कंपनीच्या कुलपात राहता कामा नये.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगला आहे, बाबांच्या बागेसाठी स्वतः सेन्सर बनवतेय, ईएसपी३२ बोर्ड आणि डीएचटी२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर घेतलाय. बाबा म्हणतात खेळणं आहे. काय सुधारू? (पलूस)

अगं खेळणं कसलं, मला तुझं पत्र वाचून फार आनंद झाला! बाबांना सांग की आत जी मोजमापं होतात ती महागड्या यंत्रातही हीच असतात.

डीएचटी२२ बदल. जास्त आर्द्रतेत तो भरवशाचा नाही आणि आपल्याला नेमकं ९० च्या वरचंच बघायचंय, एसएचटी३१ घे, थोडा महाग आहे पण फरक पडेल. उघडा लावू नकोस, उन्हात तो हवेचं नाही स्वतःच्या डब्याचं तापमान दाखवेल, पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा एकावर एक फटी ठेवून लाव म्हणजे हवा खेळते आणि ऊन लागत नाही. पंधरा मिनिटांनी एकदा रीडिंग पुरे, मधल्या वेळात बोर्ड झोपवून ठेव, बॅटरी खूप टिकते. लीफ वेटनेसची पट्टी बाजारात मिळणारी पावसाची पट्टी घेऊन करता येते पण तिचं तांबं काही आठवड्यांत गंजतं, सोन्याचा मुलामा असलेली मिळाली तर बघ, आणि ती ओली-कोरडी कुठल्या आकड्यावर ठरवायची ते पहाटे बागेत उभं राहून खऱ्या पानाशी ताडून ठरव.

आर्द्रतेचा सेन्सर बरोबर आहे की नाही हे घरच्या घरी तपासता येतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घे, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं कर, विरघळू देऊ नकोस, ते झाकण आणि सेन्सर एका घट्ट डब्यात ठेव, एकमेकांना लागू देऊ नकोस, आणि रात्रभर एकाच तापमानात राहू दे. सकाळी डब्यात ७५ टक्के आर्द्रता असायला पाहिजे, सेन्सरने ७१ दाखवलं तर कोडमध्ये चार मिळव, ७८ दाखवलं तर तीन वजा कर. हे दर छाटणीच्या आधी एकदा करायचं. यंदा निदान एक सीझन बाबांच्या वहीतल्या फवारणीच्या तारखा आणि तुझे ओलाव्याचे तास शेजारी शेजारी लिहून ठेव, डाग कधी दिसले तेही लिही, आणि मणी सेटिंग झाल्यावर ते सगळं मला पाठव, आपण पुढच्या एखाद्या अंकात छापू.